चोरीला गेलेली व्हायोलिनं आणि आपली पेटी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप समितीने पाठवला तेव्हा त्यांना बहुधा 'सोसायटीची आर्थिक वाटचाल' असा लेख हवा होता. मी बरीच वर्षं खजिनदार होतो, म्हणून. पण सिंकिंग फंड आणि लिफ्टचा खर्च दरवर्षीच्या अहवालात येतोच, तो पुन्हा कोण वाचणार? माझ्या डोक्यात गेली काही वर्षं वेगळाच विषय आहे. तो दूरदेशीचा वाटेल, पण त्याची सुरुवात आपल्याच तळमजल्यावरच्या हॉलमध्ये झाली.

जुन्या सभासदांना आठवत असेल, २००८ साली गणपती आणि नवरात्र यांच्या मधल्या दिवसांत हॉलमधून भजनी मंडळाची पेटी चोरीला गेली. आपण सगळे 'मंडळाची पेटी' म्हणायचो, पण ती होती माझ्या वडिलांची. वडील वाईजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते आणि पंचक्रोशीत कीर्तनाला साथ करायचे. १९५६ साली त्यांनी ती घेतली, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. घरात पेटी आली आणि त्या वर्षी दिवाळीला कुणालाच नवे कपडे आले नाहीत, एवढं मला पक्कं आठवतं. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली. मला वाजवता येत नाही. घरात कापडाखाली झाकून ठेवण्यापेक्षा निदान गुरुवारी तरी तिचा सूर कानावर पडेल, म्हणून मी ती मंडळाला दिली. आणि तिथूनच ती गेली.

तक्रार नोंदवायला गेलो तेव्हा हवालदारांनी विचारलं, "पेटीचा फोटो आहे का? नंबर? बिल? काही खूण?" यातलं काहीही नव्हतं. छत्तीस वर्षं बँकेत काढली, तारणाच्या सोन्याचा प्रत्येक मणी वजन करून नोंदवून घेतला, आणि घरातल्या सगळ्यात मोलाच्या वस्तूची एक ओळ कुठे लिहून ठेवलेली नव्हती. तक्रारीत लिहिलं गेलं, 'एक जुनी हार्मोनियम, तपकिरी रंगाची'. अशा महाराष्ट्रात किती असतील!

त्यानंतर दोन-तीन महिने मी शोधत फिरलो. नुकताच निवृत्त झालो होतो, वेळच वेळ होता. दादरच्या वाद्यांच्या दुकानांत विचारलं, पेट्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना भेटलो, शुक्रवारी पहाटे पहिली लोकल पकडून चोरबाजारही पालथा घातला. पेट्या पुष्कळ दिसल्या. एक तर इतकी तशीच होती की मी गुडघ्यावर बसून भाता हलवला. पण आवाज वेगळा. विकणारा म्हणाला, "काका, आवाजावरून ओळखता, पण कोर्टात आवाज दाखवणार कसा?" माणूस हुशार होता.

या शोधाशोधीतच मी चोरीला गेलेल्या वाद्यांच्या कथा वाचू लागलो. आधी मनाचं समाधान म्हणून, नंतर नादच लागला.

सगळ्यात विलक्षण कथा ब्रोनिस्लाव ह्युबरमन यांच्या व्हायोलिनची. ह्युबरमन पोलंडचे, जन्म १८८२ चा. पोरवयातच त्यांनी व्हिएन्नामध्ये खुद्द ब्राम्ससमोर त्याचीच रचना वाजवली होती. त्यांच्याकडे स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन होतं, १७१३ साली इटलीतल्या क्रेमोना गावी अंतोनियो स्ट्रॅडिव्हारी यांनी बनवलेलं. आधीच्या एका इंग्रज मालकाच्या नावावरून त्याला 'गिब्सन' म्हणत. स्ट्रॅडिव्हारींच्या हातची आज जगात साडेसहाशेच्या आसपास वाद्यं उरली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना अशी नावं आहेत, आपल्याकडे हत्तींना असतात तशी. नावाबरोबर प्रत्येकाची वंशावळही असते. कुणाकडून कुणाकडे गेलं, केव्हा, किती किमतीला.

हे गिब्सन दोनदा चोरीला गेलं. पहिल्यांदा १९१९ मध्ये व्हिएन्नातल्या हॉटेलच्या खोलीतून. तेव्हा पोलिसांनी तीन दिवसांत परत आणलं. दुसऱ्यांदा २८ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये. त्या रात्री ह्युबरमन मंचावर आपलं दुसरं व्हायोलिन, ग्वार्नेरी घराण्यातलं, वाजवत होते. गिब्सन मागे त्यांच्या खोलीत ठेवलेलं होतं. कार्यक्रम संपवून आले तर ते नाही.

तो काळ ध्यानात घ्यायला हवा. जर्मनीत हिटलर येऊन तीन वर्षं झाली होती, ज्यू वादकांना वाद्यवृंदांतून काढून टाकलं जात होतं. त्यांना एकत्र आणून पॅलेस्टाईनमध्ये वाद्यवृंद उभा करायचा, ही ह्युबरमन यांची त्या वर्षांतली धडपड. व्हायोलिन गेलं तरी ती थांबली नाही. त्याच वर्षी २६ डिसेंबरला तेल अवीवमध्ये तोस्कानिनी यांच्या संचालनाखाली त्या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम झाला. हाच पुढे इस्रायल फिलहार्मोनिक झाला आणि आपल्या मुंबईत, त्याच १९३६ साली जन्मलेल्या झुबिन मेहतांनी कित्येक दशकं त्याची धुरा सांभाळली. ह्युबरमन १९४७ साली स्वित्झर्लंडमध्ये वारले. आपलं गिब्सन त्यांना पुन्हा दिसलं नाही.

मग ते होतं कुठे? न्यूयॉर्कमध्येच, ज्युलियन ऑल्टमन नावाच्या विशीतल्या वादकाकडे. त्याने ते स्वतः उचललं की दुसऱ्या कुणी उचलून त्याला शंभर डॉलरला विकलं, याबद्दल दोन हकिकती आहेत. निर्विवाद आहे ते असं की व्हायोलिन ओळखू येऊ नये म्हणून त्याने त्यावर बुटांचं पॉलिश फासलं आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षं ते वाजवलं. पुढे तो वॉशिंग्टनच्या नॅशनल सिम्फनी वाद्यवृंदात होता. म्हणजे आजूबाजूला सगळे जाणकार बसलेले आणि त्यांच्या मधोमध चोरीचं स्ट्रॅडिव्हेरियस वाजतंय. कुणाला शंका नाही!

१९८५ मध्ये ऑल्टमन मरणाला टेकला. त्या वेळी तो एका वेगळ्याच गुन्ह्यासाठी तुरुंगात होता. त्याने बायकोला सांगितलं की व्हायोलिनच्या पेटीत बघ. पेटीच्या आवरणाखाली तिला १९३६ ची वर्तमानपत्रांची कात्रणं सापडली, ह्युबरमन यांच्या चोरीच्या बातमीची. या कात्रणांचा मी खूप विचार केलाय. पुरावा जाळून टाकायचा की जपून ठेवायचा? त्या माणसाने जपला. व्हायोलिन विकता येत नव्हतं, खरं नाव घेऊन वाजवता येत नव्हतं, आणि आपल्याकडे नक्की काय आहे ते निदान स्वतःला पटावं म्हणून कात्रणं ठेवावी लागली असणार. हा आपला माझा तर्क.

आता यातली बँकेच्या माणसाला आवडणारी बाजू. १९३६ मध्ये लंडनच्या लॉइड्सने ह्युबरमन यांना तीस हजार डॉलर नुकसानभरपाई दिली होती. दाव्याची पूर्ण रक्कम चुकती केली की वस्तूवरचा हक्क विमा देणाऱ्याकडे जातो. म्हणून १९८७ मध्ये ते मिळालं तेव्हा मालक ना ह्युबरमन यांचे वारस ना ऑल्टमनची विधवा, मालक लॉइड्स. एकावन्न वर्षांनी! चोराकडून कितीही हात फिरले तरी मालकी फिरत नाही. आपल्याकडे १९३० च्या माल विक्री कायद्याचं सत्ताविसावं कलम हेच सांगतं. जो मालक नाही, त्याच्याकडून विकत घेणाऱ्यालाही मालकी मिळत नाही. बँकेच्या परीक्षेसाठी हे कलम मी पाठ केलं होतं, पण ते इतकं चिवट असतं हे तेव्हा कुठे समजलं होतं! बाईंना शोधून दिल्याबद्दल दोन लाख त्रेसष्ट हजार डॉलरचं बक्षीस मिळालं, आणि त्यावरून पुढे घरातच कोर्टकचेरी झाली.

लंडनच्या बेअर या पेढीत नऊ महिने काम करून कारागिरांनी पॉलिशचा थर आणि बाकीची हयगय दूर केली. १९८८ मध्ये लॉइड्सने ते बारा लाख डॉलरना नॉर्बर्ट ब्रेनिन यांना विकलं आणि २००१ मध्ये जोशुआ बेल यांनी ते घेतलं, चाळीस लाख डॉलरला थोडं कमी. हेच बेल जानेवारी २००७ मध्ये साधे कपडे, डोक्यावर टोपी अशा वेषात वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनवर त्रेचाळीस मिनिटं वाजवत उभे होते. एका वृत्तपत्राने केलेला तो प्रयोग होता. हजारावर माणसं समोरून गेली, थांबली जेमतेम सात. जमा झाले बत्तीस डॉलर आणि काही सेंट. ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या सगळ्यांकडे येऊन गेली आहे. पण ते व्हायोलिन म्हणजे हेच गिब्सन आणि ते शहर म्हणजे ऑल्टमन जिथे वाद्यवृंदात बसायचा तेच, हे त्या निरोपात कुणी लिहीत नाही.

दुसरी कथा मला जास्त लागली. रोमन टोटेनबर्ग, हेही मूळचे पोलंडचेच. त्यांनी १९४३ मध्ये पंधरा हजार डॉलरला 'एम्स' नावाचं १७३४ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस घेतलं. मे १९८० मध्ये बोस्टनजवळ केंब्रिजमध्ये, लाँजी संगीत विद्यालयात कार्यक्रम झाला. लोकांना भेटत उभे होते तेवढ्यात त्यांच्या ऑफिसातून व्हायोलिन गेलं. टोटेनबर्गना संशय कुणाचा ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, फिलिप जॉन्सन नावाच्या एका तरुण वादकाचा. तो तिथे घुटमळताना दिसला होता. पण तेवढ्यावर घराची झडती घेण्याचा हुकूम मिळेना. टोटेनबर्ग यांच्या पत्नी इतक्या चिडल्या की त्या ओळखीपाळखीत विचारायच्या, कुणी त्याचं घर फोडून व्हायोलिन आणून देणारा माहीत आहे का म्हणून!

टोटेनबर्ग २०१२ साली एकशे एकाव्या वर्षी वारले. जॉन्सन त्याच्या आदल्या वर्षीच गेला होता. त्याच्या घटस्फोटित पत्नीकडे आकड्यांच्या कुलपाची एक बंद पेटी राहिली होती. २०१५ मध्ये तिने ती उघडली आणि आतलं व्हायोलिन किंमत करायला न्यूयॉर्कमध्ये एका जाणकाराला दाखवलं. त्याने ते जुन्या फोटोंशी ताडून बघितलं. लाकडाच्या रेषा माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या असतात, एका झाडाच्या दुसऱ्याला जुळत नाहीत. त्याने तिथल्या तिथे ओळखलं आणि एफबीआयला कळवलं. ऑगस्टमध्ये ते टोटेनबर्ग यांच्या तिन्ही मुलींच्या हाती आलं. मात्र त्याआधी विम्याचे मिळालेले एक लाखावर डॉलर परत करावे लागले. ते केले, म्हणून व्हायोलिन घराण्यात आलं. ह्युबरमन आणि टोटेनबर्ग यांच्या प्रकरणातला फरक हिशेबाच्या एवढ्या एका नोंदीत आहे.

म्हणजे टोटेनबर्ग यांचा संशय खरा होता. पस्तीस वर्षं चोर माहीत असून काही करता आलं नाही. ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा मुलगा म्हणाला, "बघा बाबा, वेळेवर दोन फटके दिले असते तर?" त्यावर मी काहीच बोललो नाही. त्याचं कारण पुढे सांगतो. आधी आणखी दोन वाद्यांची हकिकत थोडक्यात.

२०१० मध्ये लंडनच्या युस्टन स्टेशनवर मिन-जिन किम या वादक तरुणीचं १६९६ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस सँडविचच्या दुकानात पायाजवळून पळवलं गेलं. चोरांनी ते एका सायबर कॅफेत शंभर पौंडाला विकायचा प्रयत्न केला. घेणाराही म्हणाला, नको. २०१३ मध्ये ते सापडलं, पण तोवर विम्याचे पैसे घेऊन तिने दुसरं व्हायोलिन घेऊन टाकलं होतं. आपलंच वाद्य समोर असून ते सोडवून घेण्याइतके पैसे तिच्याकडे नव्हते. ते लिलावात तेरा लाख पंच्याऐंशी हजार पौंडाला गेलं.

आणि आपल्याकडे? डिसेंबर २०१६ मध्ये वाराणसीत उस्ताद बिस्मिल्ला खान यांच्या कुटुंबाच्या घरातून चांदीच्या चार सनया गेल्या. त्यांत पंतप्रधान नरसिंह राव यांनी भेट दिलेलीही होती. महिनाभरात पोलिसांनी तपास लावला, उस्तादांच्या नातवाला आणि सराफांना पकडलं. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे त्या सतरा हजार रुपयांत विकल्या गेल्या होत्या. पण हाती आली ती वितळवलेली चांदी, सुमारे एक किलो. म्हणजे तपास यशस्वी, आणि सनया कायमच्या गेल्या. स्ट्रॅडिव्हेरियस वितळवून काही मिळत नाही, म्हणून ती पन्नास वर्षं पॉलिशखाली जगतात. भारतरत्नाच्या सनईचं नशीब मात्र तराजूवर ठरलं. ही बातमी वाचून मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही.

आता ते राहिलेलं कारण.

२००८ मध्ये पेटी गेल्यावर आपला संशय रात्रपाळीच्या वॉचमनवर गेला. येऊन तीनच महिने झाले होते, परगावचा, बोलायला कमी. सभा भरली, कुणी म्हणालं, याच्याशिवाय दुसरं कोण असणार? एजन्सीला त्याला बदलण्याचं पत्र गेलं. त्यावर सेक्रेटरींबरोबर माझीही सही आहे. पुरावा काहीच नव्हता. पेटी माझी होती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त जोर मीच लावला होता. तो राहिलेला पगार घ्यायला माझ्याकडे आला. पैसे मोजून घेतले आणि म्हणाला, "साहेब, मला ती वाजवता येत नाही. मी नेऊन काय करू?" मी दार लावून घेतलं.

दोन वर्षांनी इमारतीला रंग द्यायचं काम निघालं तेव्हा हॉलच्या चाव्या कुणाकुणाकडे आहेत ते बघायला जुनी नोंदवही काढली. चाव्या तीन. तिसरी गणपतीत मंडपवाल्याच्या माणसाला दिलेली, आणि 'परत मिळाली' हा रकाना कोरा. अक्षर माझं. बँकेत तिजोरीच्या दोन चाव्या दोन माणसांकडे असल्याच पाहिजेत म्हणून मी कितीजणांना झापलं होतं! त्या चावीचा माणूस चोर होता असं मी आजही म्हणत नाही. चावी त्याच्याकडे होती, तो कोण होता ते मंडपवाल्यालाही आठवेना. पण दार उघडणारा एकटा वॉचमन नव्हता, एवढं त्या कोऱ्या रकान्याने सांगितलं. मी एजन्सीत चौकशी केली. तो नोकरी सोडून गेला होता, पत्ता नव्हता. नोंदवहीचं पान मी तेव्हाच्या कमिटीला दाखवलं, 'झालं गेलं' म्हणून विषय संपला. सभेच्या वृत्तांतात ते कधी आलं नाही. रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत तरी यावं, म्हणून इथे लिहिलं. बॉस्टनच्या त्या पोलिसांना मी मनात पुष्कळ नावं ठेवली होती, ती आता ठेवत नाही. टोटेनबर्ग यांच्यावर अन्याय झाला हे खरंच. माझ्या मुलाला काय उत्तर द्यावं ते अजून मला सुचलेलं नाही.

पेटीबद्दल म्हणाल तर, सोळा वर्षं झाली तरी मी तिची आशा सोडलेली नाही. गिब्सन एकावन्न वर्षांनी आलं. २००८ मध्ये हवालदारांना जे सांगता आलं नाही ते नंतर आईकडून, आत्याकडून, एका जुन्या फोटोतून गोळा केलं आहे. ते इथे देतो.

सागवानी पेटी, साडेतीन सप्तकांची, बेचाळीस पट्ट्या, डबल सूर. मधल्या सप्तकातल्या गंधाराची पांढरी पट्टी नंतर बसवलेली, बाकीच्यांपेक्षा पिवळट. झाकणावर उजव्या कोपऱ्यात उदबत्तीचा वाटाण्याएवढा डाग. भात्याच्या आत आईने डकवलेला हिरव्या मखमलीचा तुकडा, तो बाहेरून दिसत नाही, भाता पूर्ण उघडावा लागतो. झाकणाच्या आतल्या बाजूला निळ्या पेन्सिलीने '१९५६' आणि खाली वडिलांची आद्याक्षरं, द. वि.

कुठे भजनात, देवळात, दुकानात दिसली तर मला सांगा. बी विंगमध्ये पहिल्या मजल्यावर मी असतोच. ज्याच्याकडे असेल त्याने ती विकतच घेतली असणार, असं मी धरून चालतो. त्याला सत्ताविसावं कलम दाखवणार नाही. त्याने दिली असेल ती रक्कम मी चुकती करीन.